विमान, कॅमेरा आणि शेजारची गच्ची

ईदीचे पैसे कशावर खर्च करायचे हा मुलांचा हक्क, असे आम्ही दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी त्यात लुडबूड करतो. यंदा मात्र गप्प बसलो. आमच्या नववीतल्या मुलाने दोन वर्षांची ईदी साठवली होती. त्यात चाचांकडून थोडे उसने घेऊन त्याने विजेवर उडणाऱ्या विमानाचे सामान मागवले : एक मोटर, तिचा वेग कमीजास्त करणारी ईएससी, नऊ-नऊ ग्रॅमचे सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रिमोट. खोके उघडल्यावर त्याच्या अम्मीने विचारले, "इसमें विमान किधर है?" विमान त्यात नव्हतेच. ते घरी करायचे होते.

हे वेड कुठून आले ते आम्हाला ठाऊक आहे. टीव्हीवर 'थ्री इडियट्स' लागला की हा जागचा हलत नाही. २००९च्या त्या चित्रपटात कॅमेरा लावलेले चार पंख्यांचे यंत्र वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत चढते. ते यंत्र मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीचे होते, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. खिडकीतून आत त्या कॅमेऱ्याला काय दिसते, ते चित्रपट पाहिलेल्यांना आठवत असेल. आम्हालाही ते नंतर आठवले.

विमान प्रकल्पाच्या तक्त्यांसाठी मिळणाऱ्या पाच मिलिमीटरच्या फोमचे केले. पंखाची लांबी एक मीटर, पंखाच्या पोटात बांबूची कामटी. झटपट चिकटणारा गोंद थर्माकोलला लावला की थर्माकोल विरघळते, हे रसायनशास्त्र आम्ही वर्गात कधी शिकवले नव्हते. शेपटीला भोक पडल्यावर शिकलो. ग्लू गनचा गोंद चालतो, तोही फार तापलेला नको.

पहिल्या दिवशी विमान हातातून सुटले, नाक वर करून उभे राहिले आणि पाठीवर पडले. दुसऱ्यांदाही तेच. दोष तोलाचा होता. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर विमानाचा तोल यायला हवा. त्या जागी पंखाखाली दोन्हीकडे एकेक बोट लावून विमान उचलायचे. ते सपाट राहिले किंवा नाक किंचित झुकले तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. नाक जड असलेले विमान रडतखडत का होईना उडते. शेपूट जड असलेले कोणाचेही ऐकत नाही.

या निमित्ताने घरात अब्बास इब्न फिरनास यांचा विषय निघाला. नवव्या शतकातले स्पेनमधले, कुर्तुब्याचे हे विद्वान. अंगाला पिसे आणि पंख लावून त्यांनी उंचावरून झेप घेतली, काही अंतर गेले, पण उतरताना पाठ दुखावली. कारण असे सांगतात, की पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो हे ध्यानात न आल्याने त्यांनी शेपूटच लावली नव्हती. ही हकिकत अल-मक्करी यांनी सात शतकांनंतर लिहिली, तेव्हा तिचा शब्दन्‌शब्द खरा धरावा असे आम्ही म्हणणार नाही. पण शेपटीचा मुद्दा सोळा आणे खरा. चंद्रावरच्या एका विवराला इब्न फिरनास यांचे नाव आहे. मुलगा म्हणाला, "मतलब हमारा भी पहिले दिन का हाल वैसाच हुआ ना." झाला खरा.

पुढचे काही दिवस आम्ही जे शिकलो ते इथे लिहितो, कारण सुट्टीत आणखी कोणाच्या घरी हे खूळ शिरेल. रिमोट आधी सुरू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना याच्या उलट. बॅटरी जोडली की प्रोपेलर फिरतोच आहे असे समजून बोटे आणि ओढणी लांब ठेवायची. घरात मोटर तपासायची तर प्रोपेलर काढूनच. उडवण्याआधी विमानाच्या मागे उभे राहून रिमोटची कांडी उजवीकडे ढकलावी. उजव्या पंखावरची झडप वर आणि डाव्या पंखावरची खाली गेली पाहिजे. उलटे झाले तर विमान गेलेच म्हणा. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते. त्यावर उपाय सोपा : जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला कांडी न्यायची. विमान सोडायचे वाऱ्याच्या तोंडावर, उतरवायचेही वाऱ्याच्या तोंडावर. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या विजेच्या तारांच्या बाजूला तर जायचेच नाही.

बॅटरीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण तोल चुकला तर फोम मोडतो, बॅटरी चुकली तर घर पेटते. या लिपो बॅटऱ्या मोबाइलच्या बॅटरीच्या भावंडांपैकी, पण अंगावर कडक कवच नसलेल्या. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे आमच्या तीन सेलच्या बॅटरीचे १२.६. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. म्हणून आम्ही घड्याळ लावून सहा मिनिटांत विमान उतरवतो. १५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दीड अँपिअरने भरायची, सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर, आणि कोणीतरी समोर बसलेले असतानाच. आमच्याकडे ती ओट्यावर वाळूच्या घमेल्यात ठेवून भरतात. उडवून आलेली बॅटरी गरम असताना चार्जरला लावू नये. आठवडाभर उडवायचे नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा, पूर्ण भरून नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, दिसायला कितीही चांगली असो. आणि एप्रिल-मे महिन्यांत, आपल्या तापी खोऱ्यात पारा ४३-४४ला टेकतो तेव्हा, ती मोटारसायकलच्या डिकीत विसरायची नाही. आम्ही एकदा विसरलो होतो. अल्लाहचे शुक्र, नुसती फुगली.

उन्हाळ्यात उडवायची वेळ एकच, पहाटेची. नऊ वाजले की जमीन तापते, खालून हवा उसळू लागते, दुपारी वावटळी फिरतात. फजरनंतर तासभर वारा पडलेला असतो, पऱ्हाटी काढलेले शेत मोकळे असते, ऊनही डोळ्यांवर येत नाही. ज्या मुलाला फजरसाठी उठवताना दादीचा आवाज बसायचा तो आता अजानच्या आधी जागा असतो. दादी म्हणाली, "विमान ने वो कर दिया जो मेरे से नहीं हुआ."

इथपर्यंत सगळे गोड होते. मग कॅमेरा आला.

कॅमेरा म्हणजे किल्लीच्या जुडग्याला लटकवायच्या डबीएवढा. वीस ग्रॅमच्या आतबाहेर वजन, आत नखाएवढे कार्ड. आकाशातून छायाचित्र घेण्याची हौस जुनीच आहे. १९०७-०८च्या सुमारास जर्मनीतले एक औषधविक्रेते, युलियुस न्यूब्रोनर, यांनी कबुतरांच्या छातीवर छोटे कॅमेरे बांधले होते, आपोआप टिपणारे. पेटंट कचेरीचा आधी विश्वास बसेना. त्यांनी कबुतराने काढलेली छायाचित्रेच पुढे ठेवली. आमच्याकडे कबुतराचे काम फोमने केले. पहिले चित्रण जेलीसारखे थरथरत होते. प्रोपेलरचा तोल पाहिला, कॅमेऱ्याखाली मऊ स्पंजचा तुकडा घातला, तेव्हा ते स्थिर झाले. कॅमेरा एका पंखावर लावला तर दुसऱ्या पंखावर तेवढेच वजन लावावे लागते, म्हणून तो मध्ये, तोलाच्या जागी बसवला आणि तोल पुन्हा तपासला. कॅमेऱ्याला वायफाय असेल तर ते बंद ठेवावे. पुष्कळ रिमोट त्याच लहरींवर चालतात. आणि विमान उतरले की बॅटरी काढायच्या आधी चित्रण थांबवावे, नाहीतर स्वस्त कॅमेऱ्यात फाइल जतन होत नाही.

त्या रविवारी पहाटे विमान जरा जास्त वर गेले आणि वाऱ्याने ते गावाकडे ढकलले. मुलाने वळवून आणले, नीट उतरवले. आम्ही शाबासकी दिली. घरी सगळे जमल्यावर चित्रण लावले. माशाअल्लाह, काय दृश्य होते! आग्रा रोडवरचे ट्रक माचिसच्या काड्यांसारखे, रेल्वेचे रूळ, मशिदीचा मिनार, आमची पाण्याची टाकी. "अब्बा, पूरा मोहल्ला दिखता!" मग शेजारची गच्ची आली. खान्देशात हे दिवस वाळवणाचे. आम्हाला पहाट हवी ती वाऱ्यासाठी, बायकांना हवी ती बिबड्यांसाठी. तिघी जणी उन्हाच्या आत बिबडे उरकत होत्या, ओढण्या बाजूला ठेवून, बाह्या वर करून, आपल्याच घरी असल्यासारख्या. आपल्याच घरी तर होत्या. एकीने मान वर करून पाहिले. सगळे मिळून चार सेकंद.

मुलाची अम्मी उठली आणि तिने पडदा बंद केला. "किससे पूछके लिया ये?"

त्याला समजेना. मी मुद्दाम कुठे काढले, असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. पण दुपारी त्याने तेच चित्रण दोन दोस्तांना पाठवूनही दिले होते. तेव्हा आमच्या पोटात गोळा आला.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घ्यायला, सलाम करायला सांगितले आहे, हे मुलांना पाठ असते. हदीसमध्ये त्या इजाजतीचे कारणही आले आहे : ती नजरेसाठी आहे. पाय उंबऱ्याबाहेर ठेवून डोळा आत गेला तरी शिरणे झालेच. आजवर आम्ही हे दार आणि पडद्याच्या संदर्भात शिकवत आलो. आकाशातून येणाऱ्या डोळ्याला कडीच नसते, तेव्हा इजाजत दारापर्यंत जाऊन आपणच मागायची. कायद्याची वाटही याच गावाला जाते. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत अधिकार मानला.

त्याच संध्याकाळी दोन्ही दोस्तांच्या घरी जाऊन चित्रण त्यांच्या फोनमधून पुसवले. मग शेजारी गेलो. बोलायचे मुलानेच, आम्ही मागे उभे. भाभी म्हणाल्या, "मैं समझी चील है." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "अब छत पे जाना कि नहीं, ये आसमान से पूछना क्या?" मुलाची मान खाली गेली ती वर येईना. कार्ड त्यांच्यासमोर कोरे केले. त्यांनी बिबडे बांधून दिले. घरी ते दोन दिवस कोणी भाजले नाहीत.

विमानच बंद करा, असा घरचा ठराव झाला होता. त्यामागे नुसती शरम नव्हती. "कल को कोई कुछ बोलेगा," हे वाक्य आपल्या घरांत कशासाठी उच्चारले जाते ते वाचकांना समजावून सांगायला नको. २०२४च्या पावसाळ्यात पुणे आणि बीडकडच्या गावांत रात्रीच्या ड्रोनची केवढी दहशत होती. लोक जागून गस्त घालत होते. अशा दिवसांत आपल्या पोराने कॅमेरा उडवावा? आम्ही रात्रभर विचार केला. चोरून उडवणे सगळ्यांत वाईट, आणि अजिबात न उडवणे म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा. तिसरी वाट उघडपणाची होती.

म्हणून मुलाला विमानासकट पोलीस पाटलांकडे नेले, मग सरपंचांकडे. कोण, कुठे, किती वाजता उडवतो ते सांगितले. पाटलांनी विमान हातात घेऊन तोलून पाहिले आणि "एवढंसंच?" म्हणाले. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या उडत्या यंत्राला आणि दोन किलोपर्यंतच्या हौशी वापराला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण केंद्राच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा आणि नोंदणीचे नियम आधी वाचून घ्यावेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा असते, विमानतळाजवळ त्याहून कमी. लाल भागात परवानगीशिवाय नाही. आमच्या डोक्यावरून शिरपूरकडच्या शिकाऊ वैमानिकांची विमाने जातात. इंजिनाचा आवाज आला की आम्ही आपले विमान खाली घेतो. विमान कायम डोळ्यांना दिसले पाहिजे, कॅमेऱ्याला नव्हे.

मुलाला आम्ही सरकारी ड्रोनचाही दाखला दिला. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते, घराघराला मिळकत पत्रिका मिळते. तिथेही आधी ग्रामसभेत सांगतात, हद्दींवर चुन्याच्या रेघा मारून घेतात, मग ड्रोन उडतो. एवढे मोठे सरकार विचारून उडवते, तर नववीतल्याने विचारायला काय हरकत आहे?

आता आमचा चुना असा : नाल्यापलीकडचे शेत, गावाकडे पाठ, शेतमालकाची परवानगी, आणि वारा गावाकडे वाहत असेल तर कॅमेरा उतरवून ठेवायचा. मागच्या आठवड्यात त्या शेतमालकांनीच विचारले, पावसाळ्यात माझ्या कपाशीत पाणी कुठे तुंबते ते वरून दिसेल का? मुलाने वहीत तारीख लिहून घेतली आहे.

कॅमेरा तोवर कपाटात, दादीच्या पानदानाशेजारी. हवा असेल तेव्हा दादीकडे मागायचा. ती आधी विचारते, "किसके ऊपर से जाने वाला?"