परहेज कोणाचे, निर्णय कोणाचा?

दवाखान्यातले हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. साखरेचा रिपोर्ट अम्मीचा, पण फाईल मुलाच्या हातात. डॉक्टर मुलाशी बोलतात, अम्मी शेजारी गप्प. घरी आल्यावर तिला एवढेच कळते, "आजपासून भात बंद, गोड बंद." जी साऱ्या घराचा स्वयंपाक करते, तिलाच कोणी विचारलेले नसते. असे परहेज किती दिवस टिकणार?

उपाशीपोटी साखर 100 ते 125, किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 140 ते 199, म्हणजे मधुमेह नव्हे, मधुमेहाचा उंबरठा. येथून मागे फिरता येते, आणि त्याच्या वाटाही एकापेक्षा अधिक आहेत. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या 531 जणांचा अभ्यास केला. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत शंभरात 55 जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण 39 होते, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत सुमारे 40. दोन्ही एकत्र करूनही आकडा जवळपास तेवढाच राहिला.

दोन वाटांचा फायदा सारखाच असेल, तर कोणती धरायची हे ठरवताना चालणाऱ्याचा शब्द हवाच. कोणाला फजरनंतर अर्धा तास चालणे जमते, कोणाचे गुडघे साथ देत नाहीत, कोणाला रोजची गोळी नकोशी वाटते. रिपोर्टमध्ये हे लिहिलेले नसते. डॉक्टरांना ते सांगावे लागते. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरच पाहतील, पण मशवरा दोघांचा असतो.

आम्ही शिक्षक रोज पाहतो, फळ्यावरून उतरवलेले गणित मूल विसरते, स्वतः सोडवलेले लक्षात राहते. परहेजाचेही तसेच आहे. भात बंद करण्याऐवजी वाटी लहान करू, सोबत डाळ-भाजी वाढवू, असे अम्मीने स्वतः ठरवले तर ते चालते.

म्हणून पुढच्या वेळी फाईल अम्मीच्याच हाती द्या आणि खुर्ची डॉक्टरांसमोरची. सोबत चिठ्ठीवर चार प्रश्न, उर्दूत किंवा मराठीत: माझा आकडा किती? माझ्यापुढे उपाय कोणते? प्रत्येकाचा फायदा आणि त्रास काय? पुन्हा तपासणी कधी? उत्तरे तिलाच ऐकू द्या. आपण शेजारी बसू.