पाठ कोण पाहतो?

धाराशिव जिल्ह्यास शिक्षक-प्रशिक्षणाची नवलाई नाही. १९९३ च्या भूकंपानंतर अवघ्या काही काळात, तो उस्मानाबाद या नावाने ओळखला जात असता, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात त्याची निवड झाली. पुढे सर्व शिक्षा अभियान आले, २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, २०१९ साली 'निष्ठा' आली. तीन दशकांत येथील प्राथमिक शिक्षकाने प्रशिक्षणे पुष्कळ घेतली. त्याचा पाठ मात्र कोणी पाहिला?

आमचा आक्षेप या प्रशिक्षणांच्या आशयावर नाही, उतरंडीवर आहे. राज्याने जिल्ह्यास सांगायचे, जिल्ह्याने तालुक्यास, तालुक्याने केंद्रास. झिरपत झिरपत वर्गात पोचते ती केवळ परिभाषा. 'ज्ञानरचनावाद' हा शब्द पोचला, फरशीवर रंगवलेल्या आकृत्याही पोचल्या. मूल विचार कसा करते हे पाहण्याची नजर पोचली की नाही, ते उपस्थितीपत्रकावरून कसे कळावे?

वास्तविक योग्य जागा हाताशी आहे: केंद्रस्तरावरील मासिक शिक्षण परिषद. तिचा वेळ परिपत्रके आणि माहितीचे तक्ते खातात, हे शिक्षकमित्रांना सांगावयास नको. समजा, तेथे तिसरीच्या वह्या मांडल्या. कळंब-वाशीकडचे एक मूल लिहिते, 'माय उसाला गेली.' घाईतला शिक्षक 'आई ऊस तोडायला गेली' अशी दुरुस्ती करून मोकळा होईल. पण ऊसतोड कामगारांच्या या मुलखात उसाला जाणे म्हणजे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलून दूरच्या साखर कारखान्याकडे निघणे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणे. 'ला' या एका प्रत्ययात अर्धे वर्ष मावले आहे. दुरुस्तीने व्याकरण सुधारत नाही (ते बिघडलेलेच नव्हते), अर्थ तेवढा हरवतो. मग हे मूल कोठे राहिले, आजीजवळ की हंगामी वसतिगृहात? त्यास पुढचे वाक्य लिहिते कसे करावे? 'आई' हा शब्द त्याच्यापुढे केव्हा ठेवावा? आठ-दहा शिक्षकांनी यावर तासभर हुज्जत घालावी. एम. ए. च्या वर्गात आपण कवितेपुढे बसून जे करतो, ते याहून फारसे निराळे नाही.

मग एकाने तोच घटक शिकवावा, इतरांनी मागे बसून पाहावे, आणि पुढील महिन्यात नव्या वह्या घेऊन यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. ते तास चित्रफिती पाहून भरण्यापेक्षा असे भरलेले बरे. अडचण एकच आणि ती खरी आहे. दोनशिक्षकी शाळेतला एक जण दुसऱ्याचा पाठ पाहावयास गेला की चारही वर्ग मागे उरलेल्याच्या गळ्यात पडतात. त्या दिवसापुरता शिक्षक कोठून आणावयाचा, हे जिल्हा परिषदेने ठरवावयाचे आहे.