हळद विकणाऱ्याने लिहावे का?

दोन हळकुंडे तुमच्यापुढे ठेवली आहेत असे समजा. दोन्ही पिवळीधमक, दोन्ही पॉलिश केलेली. एकात कुरकुमिन हे रंगद्रव्य शेकडा २ आहे, दुसऱ्यात शेकडा ४. यांतील सरस कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येईल काय? जाणता व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहील आणि काही अंदाज बांधील. पण नेमका आकडा त्यालाही सांगता येणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. मग पुण्या-मुंबईत दळलेल्या हळदीची पुडी घेणाऱ्या गृहिणीला ते कसे कळावे?

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव आणि हिंगोली या तालुक्यांतील कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च हळदीवर चालतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही पुष्कळशी हळद मोंढ्यात पोत्याने विकली जाते आणि पुढे दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाच्या पुडीतून लोकांच्या घरी पोचते. लागवड केव्हा केली, हळद किती वेळ शिजवली, किती दिवस वाळवली, ही सारी माहिती पोत्याबरोबर मोंढ्यातच राहते.

माहिती हरवल्याने काय नुकसान होते, ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, उत्तम हळदीची किंमत २०० रुपये किलो आणि हलक्या हळदीची १०० रुपये असायला हवी. ग्राहकाला फरक कळत नाही, म्हणून तो मधली १५० रुपये किंमत देऊ करतो. उत्तम हळद तयार करायला १६० रुपये खर्च येत असेल, तर ती पिकवणारा तोट्यात जातो आणि हळूहळू तो नाद सोडून देतो. बाजारात उरते ती हलकी हळद. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवून दिले. या प्रकारच्या संशोधनाबद्दल २००१ साली त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात सांगायचे तर, अज्ञानाची किंमत ग्राहक मोजतो, पण त्याच्याही आधी प्रामाणिक उत्पादक मोजतो.

यावर माझ्या मते एक स्वस्त आणि चांगला उपाय आहे. विकणाऱ्याने आपल्या कामाविषयी लिहावे, आणि ते इंटरनेटवर सर्वांना वाचता येईल असे ठेवावे.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याने किंवा कारखानदाराने लेखक व्हायचे काय? ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर विकायचा तर आधी समजूत बदलायला हवी होती. १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखाना, त्याचा माल आणि तो वापरणारे लोक यांना जोडणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रातील एक नामांकित मासिक बनले. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायरच्या कंपनीने १९०० सालीच मोटारचालकांसाठी प्रवासाची मार्गदर्शिका काढली होती. दोन्ही ठिकाणी एकच विचार दिसतो: आधी गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडा, विक्री मागून येईल.

त्या काळी यासाठी छापखाना, कागद आणि टपाल लागे. दर जादा प्रतीला जादा खर्च पडे. आज एक पान दहा जणांनी वाचले काय आणि दहा हजारांनी वाचले काय, लिहिणाऱ्याचे श्रम तेवढेच. शिवाय वर्तमानपत्रातली जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. इंटरनेटवरचे पान मात्र काढून टाकीपर्यंत तेथेच असते.

पण एवढ्या अफाट पसाऱ्यात ते सापडते कसे? एखाद्या जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, ती आठवा. शोधयंत्राचा संगणक एका पानावरून दुव्यांच्या आधारे दुसऱ्या पानावर जात असंख्य पाने वाचतो आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची प्रचंड सूची करून ठेवतो. तुम्ही ‘वसमत हळद कुरकुमिन’ असे विचारले की तिन्ही शब्दांच्या याद्या ताडून तो सामाईक पाने काढतो. मग कोणते पान आधी दाखवायचे? स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गी ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली मांडलेली युक्ती अशी, की ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात, त्याला अधिक मान द्यायचा. आज याखेरीज इतर अनेक कसोट्या वापरल्या जातात, पण मूळ तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘आमची हळद सर्वोत्तम’ या एका वाक्याकडे कोण बोट दाखवील? ‘ओली हळद वाळल्यावर वजनात किती उरते, याची आमच्या शेतातील नोंद’ हे पान मात्र शिक्षक, विद्यार्थी, दुसरे शेतकरी असे सारेच उपयोगाला घेतील.

लिहून ठेवण्याचे मोल हळदीनेच आपल्याला एकदा शिकवले आहे. जखमेवर हळद लावावी, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक होते. तरीही १९९५ साली अमेरिकेत याच उपयोगाचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, आणि १९९७ साली ते रद्द झाले. पण ‘आमच्या आजीला ठाऊक होते’ एवढ्यावर भागले नाही. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवावे लागले. नोंद नसलेले ज्ञान पुरावा म्हणून उभे राहत नाही, मग ते कितीही खरे असो.

आता एक रास्त शंका. लबाड माणूसही लिहू शकतोच की! होय, आणि लिहितोही. म्हणून काय लिहावे, हा खरा प्रश्न आहे. ‘शुद्ध’, ‘अस्सल’ हे शब्द फुकट असतात. ते कोणीही छापावेत. पण वाण कोणते, काढणी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या प्रयोगशाळेने किती कुरकुमिन दाखवले, अहवालाचा क्रमांक काय, असे तपशील दिले की ते कोणालाही पडताळून पाहता येतात. खरे सांगणाऱ्याला असे लिहिणे सोपे जाते, खोटे सांगणाऱ्याला ते महागात पडते. म्हणूनच तपशिलावर विश्वास बसतो. तक्रारींची उत्तरेही उघडपणे दिली, तर तो आणखी वाढतो.

यात एक पथ्य मात्र कडकपणे पाळायला हवे. हळदीने कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो, असल्या मजकुराचा इंटरनेटवर सुळसुळाट आहे. कुरकुमिन पोटातून रक्तात फारच थोडे शोषले जाते, आणि अशा रोगांवरील रामबाण उपायांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. असे दावे करून चार पुड्या जास्त खपतील, पण सबंध जिल्ह्याचे नाव बुडेल. तसेच, लिहिल्याने सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. पुडी बांधून विकायची तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी हवी, वाहतुकीचा खर्च हवा आणि दोन वर्षे धीर धरण्याची तयारी हवी. आणखी एक गोष्ट: समाजमाध्यमावरचे पान हे भाड्याच्या खोलीसारखे असते, नियम मालकाचे. जपून ठेवायच्या नोंदी स्वतःच्या संकेतस्थळावर असाव्यात, हे बरे.

या कामात तुमचा वाटा मोठा आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी हळद शिजते. ओल्या हळदीचे वजन करा, वाळल्यावर पुन्हा करा, शिजवण्याचा वेळ घड्याळ लावून टिपा. एक चमचा हळदपूड पेलाभर पाण्यात टाकून पाहा. शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळे होते, रंग मिसळलेला असेल तर गडद. ही प्राथमिक चाचणी आहे, निकाल नव्हे, हेही नोंदीत लिहा. शिक्षकांनी या नोंदी तपासाव्यात आणि घरच्यांच्या संमतीने त्या मराठीत प्रसिद्ध कराव्यात. मराठीतून शोधणाऱ्याला मराठी पान सापडायचे, तर ते आधी कोणीतरी लिहायला हवे.

प्रयोगवहीत आपण कृती, निरीक्षण आणि अनुमान लिहितो. विकणाऱ्यानेही आपल्या मालाची अशीच वही ठेवावी आणि ती जगापुढे उघडी करावी. ज्याचा माल खरा आहे, त्याला वही दाखवण्याची भीती का वाटावी?