शेवटचे कडवे कापू नका

अमेरिकेतल्या मिशिगनमधील ‘ग्रेटा व्हॅन फ्लीट’ या रॉक बँडचा ‘अँथेम ऑफ द पीसफुल आर्मी’ हा अल्बम २०१८ साली आला आणि समीक्षकांनी एकच गिल्ला केला की, ही पोरे हुबेहूब ‘लेड झेपेलिन’सारखी वाजवतात. तरीही या बँडच्या आधीच्या संचाला २०१९ मध्ये ग्रॅमी मिळालेच! सिद्धेश्वर धरणाच्या काठी राहणाऱ्या आम्हा लोकांना या गोऱ्यांच्या भांडणाशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे आहे.

ज्या लेड झेपेलिनची नक्कल झाली, त्यांनी तरी सूर कुठून आणले? त्यांचे १९६९ चे ‘होल लॉटा लव्ह’ विली डिक्सन या काळ्या गीतकाराच्या गाण्यावर बेतलेले होते. मडी वॉटर्सने ते १९६२ मध्येच गायले होते. रेकॉर्डवर डिक्सनचे नाव नव्हते. १९८५ मध्ये डिक्सन कोर्टात गेले, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे नाव लागले. माल काळ्यांचा, गल्ला गोऱ्यांचा!

आता आपल्याकडे या. जयंतीला भीमगीते वाजू लागली की प्रस्थापित रसिक नाक मुरडतात. म्हणे, चाली सिनेमाच्या! अहो, आमच्या शाहिरांकडे ना स्टुडिओ होता ना वादकांचा ताफा. लोकांच्या ओठावर असलेली चाल घ्यायची आणि तिच्यात बाबासाहेबांचा विचार भरायचा, हे प्रबोधनाचे हत्यार होते. अक्षर न येणाऱ्या मायमाऊल्यांपर्यंत चळवळ पोहोचली ती याच वाटेने. या उसनवारीची आम्हाला लाज नाही.

आमची तक्रार वेगळीच आहे आणि ती आपल्याच माणसांशी आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेले असते. तीच त्यांची सही. डीजेचा रिमिक्स करणारे नेमके तेच कडवे कापतात. ठेका राहतो, कवी जातो. डिक्सनचे नाव परक्यांनी गाळले होते, वामनदादांचे आपण गाळतो आहोत!

दुसरे असे की, प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांचा खडा आवाज ही आपली दौलत खरी, पण प्रत्येक नव्या गायकाने तोच आवाज काढावा असा काही नियम आहे काय? (बाजाराला तरी त्या आवाजाची किती कदर? २००६ च्या ‘जत्रा’तली ‘कोंबडी पळाली’ची चाल अजय-अतुल यांनीच २०१२ च्या हिंदी ‘अग्निपथ’मध्ये नेली. चाल गेली, आनंद शिंदे इथेच राहिले.) चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने २०१८ मध्ये मंचावर गिटार आणली, पण खाली ठेका ठेवला तो वस्तीतल्या गाना संगीताचा. म्हणून ते कुणासारखे वाटत नाहीत. आपल्या पोरांना हलगी येते, ढोलकी येते, मग अडले कुठे?

सिद्धेश्वरपासून औंढ्यापर्यंतच्या जयंती मंडळांना आमचे एवढेच सांगणे आहे : यंदा डीजेवाल्याला सुपारी देताना दोन अटी घाला. गाणे लावण्याआधी माईकवर कवीचे नाव घ्यायचे आणि शेवटचे कडवे पूर्ण वाजवायचे. न जमणाऱ्याला सुपारी देऊ नका.