वाढत्या अंगाची स्की

आपल्याकडे मूल जन्माला येतं तेच मुळी वाढत्या अंगाच्या झबल्यात. पुढे शाळेची चड्डी वाढत्या अंगाची, बूट पुढे कापूस कोंबून वाढत्या पायाचे, आणि रेनकोट असा, की त्यात धाकटा भाऊही मावावा. या शिकवणीवर पोसलेला मराठी माणूस डेन्व्हरला येऊन तीस वर्षं राहिला, तरी दुकानात शिरल्यावर त्याच्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघतं, "जरा मोठंच दाखवा." चड्डीच्या बाबतीत माझी तक्रार नाही. चड्डीला नाडी असते. स्कीला नाडी नसते.

ज्यांनी बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. साधं स्कीइंग म्हणजे लिफ्टने वर जायचं आणि घसरत खाली यायचं. बॅककंट्रीत लिफ्ट नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची, टाच मोकळी सोडायची आणि स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे. आता ती नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची असते, पण नाव अजून 'स्किन'च. केस मागे वळलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्टी सोलायची, टाच बांधायची आणि उतरायचं. आम्ही जातो तो बर्थूड पास सुमारे 11,300 फुटांवर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर पाचशे फूट उरतात. दोन तास चढायचं आणि दहा मिनिटांत उतरायचं, असा एकूण संसारासारखाच हिशेब.

मी नवी स्की घेणार ही बातमी मंडळाच्या गणपतीत फुटली आणि आरतीआधीच तज्ज्ञ जमले. एक म्हणाले, "हात वर करा. मनगटापर्यंत पोचेल ती तुमची स्की." हा नियम आजोबांच्या काळातला. तेव्हा स्की सरळ आणि अरुंद असायची, म्हणून लांब लागायची. हल्लीची स्की टोकाला रुंद, कमरेत बारीक, म्हणून ती आखूड असूनही चांगली चालते. दुसरे जरा आधुनिक. ते म्हणाले, "हनुवटी ते टाळू." तिसऱ्यांनी तर थेट आकडाच दिला, "180 सेंटिमीटर, कमरेत 112 मिलिमीटर. वहिनी, दोन वर्षांत तुमचा हात बसेल. मग परत खर्च कशाला?"

म्हणजे तीच ती वाढत्या अंगाची चड्डी! माझं वय चोपन्न, उंची पाच फूट एक इंच. या वयात अंग वाढतं ते कुठल्या दिशेला, हे मी चारचौघांत सांगायला हवं का?

माझं म्हणणं असं, की स्कीला उंची कळतच नाही. तिला डोळे नसतात. तिला कळतं फक्त वजन. तुमच्या वजनाने ती वाकते आणि वाकते म्हणून वळते. जड माणसाखाली आखूड स्की भुसभुशीत बर्फात बुडते. हलक्या माणसाखाली लांब, कडक स्की वाकायलाच तयार होत नाही. आमच्यातले एक गृहस्थ साडेपाच फुटांचे आणि ब्याण्णव किलोंचे. दुकानदाराने त्यांची उंची पाहून स्की दिली आणि पहिल्याच ताज्या बर्फात ते गुडघ्यापर्यंत अंतर्धान पावले. त्यांना लांब घ्यायला हवी होती, मला आखूड. पण वजन विचारणार कोण? आणि विचारलं तर खरं सांगणार कोण? म्हणून सगळे उंचीवर भागवतात.

स्कीच्या दुकानात माणूस दोनच थापा मारतो. वजन पाच किलो कमी सांगतो आणि कौशल्य पाच वर्षं जास्त. यातला विनोद बाइंडिंगपाशी संपतो. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा म्हणून तिथे एक आकडा लावतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो. वजन कमी सांगाल तर बूट नको तेव्हा सुटेल. कौशल्य फुगवाल तर हवं तेव्हा सुटणार नाही, आणि मग पायातलंच काहीतरी सुटेल.

त्यात चढण. ती 180 वाली स्की एकेक दोन किलोची. माझ्या मापाची सव्वा किलोची. फरक पाऊण किलो. हजार पावलांना साडेसातशे किलो झाले! एवढा गहू कुणी मला डोंगरावर ढकलायला सांगितला असता, तर आमच्या ह्यांनीसुद्धा मध्ये पडून विरोध केला असता. शिवाय नागमोडी चढताना प्रत्येक वळणावर स्की उचलून उलटी फिरवावी लागते. लांब स्कीने हे करणं म्हणजे चाळीच्या जिन्यात शिडी वळवणं.

"पण पावडरमध्ये रुंदच हवी!" हे पुढचं अस्त्र. मान्य. पण वर्षातले पावडरचे दिवस किती आणि वाऱ्याने कडक झालेल्या बर्फाचे किती? लोक वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी स्की घेतात, जसा बारशाला एकदाच लागणारा तीस माणसांचा कुकर घेतात.

चुकीचा कुकर माळ्यावर टाकता येतो. चुकीची स्की पायात असते, आणि खाली घेऊन जायला कुणी गस्तवाला येत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार हिमस्खलनाचे, आणि कोलोरॅडोत बर्फाच्या पोटात कच्चे थर महिनोन्‌महिने टिकतात. आम्ही रोजचा इशारा वाचतो, ट्रान्सीव्हर, फावडं आणि शोधायची लांब सळई बाळगतो, आणि अशा उतारावर एकेकाने उतरतो. ज्याची स्की ऐकत नाही तो मधेच पडतो, आणि नको त्या जागी जास्त वेळ थांबतो. त्याला खणून काढायची वेळ आली, तर फावडं आमच्याच हातात असणार. म्हणून त्याची स्की ही त्याची खाजगी बाब नाही.

मी 154 सेंटिमीटरची, कमरेत 95 मिलिमीटरची, मऊ टोकांची स्की घेतली. दुकानातल्या पोराला वजन सांगताना पाठीवरची आठ किलोंची पिशवीसुद्धा मिळवून सांगितली. तो चकित झाला. म्हणाला, "इतकं खरं कुणी सांगत नाही." माझं तर म्हणणं, स्कीच्या प्रत्येक दुकानात दारातच वजनकाटा ठेवावा, आणि पिशवी पाठीला लावूनच गिऱ्हाइकाला त्यावर उभं करावं. "दोन वर्षांत हात बसेल" म्हणणाऱ्यांनाही आडकाठी नको. त्यांनी दोन वर्षांनी यावं.