ट्रंकेतला काळा बिल्ला

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यातून काय काय निघेल याचा नेम नसतो. आमच्या ट्रंकेतून यंदा मोडक्या चांदीचं पुरचुंडं निघालं. झिजलेली जोडवी, तुटकी साखळी, आणि त्यातच एक काळाकुट्ट गोल बिल्ला. भाचीच्या बाळाला वाळे करायचे होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सगळं मोडीत घाल, तेवढीच मजुरी सुटेल."

सराफाकडे न्यायचं म्हणून मी सगळं रांगोळी आणि लिंबाने घासायला बसले. बिल्ला दोन-चार वेळा खसाखसा घासल्यावर कडेला बारीक इंग्रजी अक्षरं दिसली आणि हात थांबला. भिंग आणून वाचलं. आधी एक नंबर, मग 'सिपॉय', मग नाव, आणि शेवटी मराठा पलटण. पलटणीची शेवटची अक्षरं पुसट झाली होती. ती काळाने पुसली की माझ्या लिंबाने, हे आता देवालाच ठाऊक.

नाव वाचून दाखवलं तशा सासूबाई खालीच बसल्या. ते त्यांचे आजेसासरे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले, ते आलेच नाहीत. सासूबाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्यांच्या आजेसासूबाई होत्या. स्वतःच्या कपाळाला कुंकू नाही, पण दसऱ्याला कोयता-विळ्याबरोबर त्या बिल्ल्याला न चुकता कुंकू लावायच्या. त्या गेल्या आणि बिल्ला मोडक्या चांदीत जाऊन पडला.

आता वाटेल, ही आमच्या घरची गोष्ट, आम्हाला काय तिचं? पण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडची कितीतरी घरं पलटणीच्या पगारावर उभी राहिली. साताऱ्याजवळच्या एका गावाचं तर नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे. तेव्हा तुमच्याही ट्रंकेत असा बिल्ला असू शकतो. तो ओळखायचा कसा, ते सांगते.

पहिल्या महायुद्धाची मुख्य पदकं तीन. एक चांदीचं, व्यास 36 मिलिमीटर, वजन अडीच-पावणेतीन तोळ्यांच्या आसपास. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. फितीच्या मधे नारिंगी पट्टा, दोन्ही कडांना निळा. हेच पदक मजूर तुकड्यांतल्या लोकांना काशाचं मिळालं, म्हणून चांदीचं नाही एवढ्यावरून ते नकली समजू नका. दुसरं विजयपदक. ते पिवळसर धातूचं, त्यावर पंख असलेली देवी आणि फीत इंद्रधनुष्यासारखी. तिसरा 1914-15 चा तारा, त्याचं नाव पाठीमागे असतं.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे. बर्मा, आफ्रिका, इटली अशी नावं त्यांवरच लिहिलेली असतात. 'इंडिया सर्व्हिस मेडल'वर हिंदुस्थानचा नकाशा आहे. हे तारे इंग्रज शिपायांना नावाविना मिळाले. आपल्या शिपायांच्या ताऱ्यांवर मात्र बहुधा नाव कोरलेलं आढळतं.

पदकावर राजाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ते स्वातंत्र्यानंतरचं. जाता जाता सांगते, आपल्या परमवीर चक्राची रचना एका बाईने केली आहे. सावित्रीबाई खानोलकर मूळच्या स्वित्झर्लंडच्या. मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. चक्रावर त्यांनी इंद्राचं वज्र घातलं.

आता खऱ्या-खोट्याची पारख. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरं गोलसर, बुळबुळीत दिसतात आणि वजन जुळत नाही. आणखी एक लबाडी असते. खरंच पदक घ्यायचं, कडेवरचं नाव कानशीने घासून टाकायचं आणि मोठ्या पराक्रमाचं दुसरं नाव घालायचं. अशा वेळी कडा मोजून पाहावी. 36 मिलिमीटर भरली नाही तर धातू घासला गेलाय हे समजावं. संग्रहाची हौस असेल त्यांनी एवढं तरी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. एकाच माणसाची पदकं असतील तर संच फोडू नये. भावाभावांत एकेक वाटलं की त्या माणसाची हकीकतच तुटते. आणि शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. तसा 1972 चा कायदा आहे.

जपणुकीचं तंत्र सोपं आहे. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पॉलिश यांतलं काहीही लावायचं नाही. काळेपणा राहिला तरी चालेल, अक्षरं गेली तर परत येत नाहीत. कोरड्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसावं. फीत रेशमी असते, ती धुऊ नये. प्रत्येक पदकाला धुवट मलमलीची वेगळी पिशवी शिवावी. रबरबँड लावू नये, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पावसाळ्यात औषधाच्या बाटलीत येते ती ओल शोषणारी पुडी डब्यात टाकावी. आणि पदक कोणाचं, कुठल्या लढाईचं, घरात कोणी काय सांगितलं, ते कागदावर लिहून बरोबर ठेवावं. म्हातारी माणसं आहेत तोवरच हे विचारून घ्या.

एवढा अट्टाहास कशासाठी, तेही सांगते. मेसोपोटेमियात पडलेल्यांचं मोठं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. आपल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या घातली. नावं राहिली ती वहीत. 2021 साली युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. म्हणजे आमच्या आजोबांचं नाव धातूवर कोरलेलं असं घरातल्या याच बिल्ल्यावर होतं, आणि मी तो वाळे करायला काढला होता!

बाळाला वाळे केले, पण नव्या चांदीचे. मजुरी पडली, पडू दे. बिल्ला आता देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असतो. पुढच्या दसऱ्याला सासूबाई त्याला कुंकू लावणार आहेत. मी एवढंच म्हटलं, "कुंकू पिशवीला लावू या, आई. अक्षरांना नको."