विकाऊ घराचा शृंगार

ऑस्ट्रेलियात सप्टेंबर लागला की वसंत ऋतू सुरू होतो आणि त्याबरोबर घरे विकण्याचा हंगामही. मेलबर्न शहरात शनिवारी गल्लोगल्ली लिलाव पुकारले जातात. दलाल रस्त्याच्या कडेला उभा राहून बोली घेतो, आणि शेजारीपाजारी फुकटची करमणूक म्हणून जमतात. आपल्या बेटावरून तिकडे गेलेली पुष्कळ कुटुंबे याच शहराच्या आग्नेय भागात, डँडेनाँग, नोबल पार्क, क्रॅनबर्न इकडे वसली. त्यांतली जुनी माणसे आता सत्तरी ओलांडून गेली. मुले वेगळी राहतात, चार खोल्यांचे घर झाडायचे कोणी हा प्रश्न पडतो. कोणी लहान घर शोधतो, कोणी मॉरिशसला परतण्याची भाषा करतो. म्हणजे घर विकणे आले.

तेथे घर आहे तसे सहसा कोणी विकत नाही. दलाल आधी सांगतो: भिंतींना फिकट रंग द्या, अर्धे सामान गोदामात टाका, घरच्यांचे फोटो उतरवा. पुष्कळ जण तर विक्रीपुरते भाड्याचे सोफे, पलंग, गालिचे आणतात आणि विक्री होताच परत पाठवतात. याला ‘स्टेजिंग’ म्हणतात, आणि त्याला काही हजार डॉलर पडतात. घेणाऱ्याला त्या खोल्यांत स्वतःचा संसार दिसावा, तुमचा नव्हे, हा त्यातला हेतू. आपल्याकडे घराचा व्यवहार नातेवाइकांत किंवा ओळखीत ठरतो आणि नोटरीसमोर कागद होतो, म्हणून हा सारा थाट आपल्या वाचकांस नाटकी वाटेल. तो थोडा आहेही.

आपल्या लोकांची अडचण पुढेच आहे. हंगाम सुरू होतो तो नेमका गणेश चतुर्थीच्या सुमारास. दलाल म्हणतो, देवघर झाका, दारावरचे तोरण काढा, घर दाखवायच्या दिवशी फोडणी देऊ नका. फोडणीचे आम्ही समजू शकतो. मासळीचा वास पडद्यात बसला तर तो आपल्यालाही नको असतो. पण देवघराची लाज कशासाठी? त्या उपनगरांत घर बघायला येणाऱ्यांत भारत आणि श्रीलंकेतून आलेले थोडे नसतात. त्यांना देवाची जागा तयार मिळाली तर ती काही उणी बाजू नव्हे. पसारा आवरावा, देव आवरू नयेत, असे आमचे मत. दलालाचे मत वेगळे असेल, पण घर तुमचे आहे.

शृंगाराचा खर्च कुठे करावा? रंग, बाग, तुंबलेली पन्हळ, गळका नळ, एवढ्यावर भागते. विकायच्या घरात नवे स्वयंपाकघर बसवणे आम्हाला तरी शहाणपणाचे दिसत नाही. शिवाय जुनी भिंत फोडण्यात एक धोका आहे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती २००३ च्या ३१ डिसेंबरपासून. १९९० पूर्वीच्या घरांत त्याचे पत्रे असण्याचा संभव मोठा. घासलेल्या, फोडलेल्या पत्र्याची धूळ फुप्फुसात जाते आणि तिचा रोग कित्येक वर्षांनी उमटतो. हौसेने हातात हातोडा घेऊ नये, आधी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी.

रंग लावणे निराळे आणि झाकणे निराळे. सिडनीच्या नॉर्थ राइड भागात २००१ साली एका घरात तिघांचा खून झाला. २००४ साली ते घर ही गोष्ट न सांगता विकण्यात आले. घेणारे बौद्ध जोडपे होते. खरे कळताच ते हादरले. सौदा मोडला, विसार परत करावा लागला आणि दलालांना दंड झाला. व्हिक्टोरिया राज्यात तर मार्च २०२० पासून महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवणे हा गुन्हा आहे. वाळवीने खाल्लेल्या लाकडावर रंग फासून ते दडवणारा विक्रेता आता सुटेलच असे नाही.

किमतीलाही असाच रंग लावला जातो. गर्दी जमावी म्हणून दलाल मुद्दाम कमी आकडा छापत. व्हिक्टोरियात १ मे २०१७ पासून अंदाजी किंमत आणि आसपासच्या तीन विक्रींची माहिती द्यावी लागते. खालचा आकडा ८ लाख असेल तर वरचा ८ लाख ८० हजारांच्या पुढे जाता कामा नये. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या सरकारने लिलावाच्या सात दिवस आधी मालकाची राखीव किंमत उघड करायला लावण्याचा बेत जाहीर केला.

परंतु परतण्याचा विचार करणाऱ्यांनी रंगापेक्षा तारखेकडे अधिक लक्ष द्यावे. ऑस्ट्रेलियात राहत्या घराच्या विक्रीतील नफ्यावर सामान्यतः कर नसतो. २०२० च्या ३० जूननंतर मात्र ही सवलत करापुरत्या परदेशी ठरलेल्या माणसाला, काही दुःखद प्रसंग वगळता, मिळत नाही. आम्ही शिक्षक माणसे, फळ्यावरचे उदाहरण घेऊ. १९९५ साली दीड लाखाला घेतलेले घर ८ लाखांना गेले. नफा साडेसहा लाख. मेलबर्नला राहत असताना करार केला तर कर काही नाही. आधी सामानसुमान घेऊन क्यूरपिपला कायमचे येऊन बसलात आणि वर्षाने तिकडचे घर विकलेत, तर इतकी वर्षे स्वतः त्यात राहिलात तरी तो सारा नफा हिशेबात धरला जातो. काही वजावट मिळाली तरी गोष्ट लाखभर डॉलरची होऊ शकते. हिशेब कराराच्या तारखेचा, पैसे हाती येण्याच्या तारखेचा नव्हे. २० सप्टेंबर १९८५ पूर्वी घर घेतलेल्यांना ही चिंता नाही, कारण हा करच त्या दिवसापासून आला.

शिवाय १ जानेवारी २०२५ पासून तेथील रहिवासी विक्रेत्यानेही, घर कितीही स्वस्त असो, करखात्याचा दाखला घेणाऱ्याच्या हाती द्यावा लागतो. तो नसेल तर घेणारा शेकडा १५ कापून सरकारात भरतो. ८ लाखांच्या घरावर १ लाख २० हजार. दाखल्याला पैसे पडत नाहीत आणि तो बारा महिने चालतो, तेव्हा रंगारी बोलावण्याच्या आधीच त्याचा अर्ज करून टाकावा.